लेबलं काढलेल्या रेकॉर्डी

१२ मार्च

दवाखान्यातली बाई म्हणते, रोज चार ओळी लिहा. काहीही लिहा, काय खाल्लं ते लिहा. अंडी खाल्ली. झालं!

१३ मार्च

बरं, नीट लिहितो. फेब्रुवारीत मला मेंदूचा झटका आला. "अगदी छोटासा," डॉक्टर म्हणाला — जसा काही त्यालाच आला होता! डावा पाय जरा ओढतो. मोनिफा, माझी मुलगी, रोज कामावरून सरळ माझ्याकडे येते. "बाबा, गोळ्या घेतल्या?" चौतीस वर्षांची झाली, पण आता तीच माझी आई. डोक्यातले काही तुकडे गेलेत म्हणे. कुठले, ते हळूहळू कळेल.

१५ मार्च

कळलं.

आज पहिल्यांदा तळघरात उतरलो, कठडा धरून, एकेक पायरी. दोन्ही टर्नटेबलांवर धूळ. हाताला लागली ती रेकॉर्ड लावली, दुसऱ्यावर दुसरी, हेडफोन एका कानाला — आणि काय सांगू! चार ठोक्यांत जुळलं. हात काही विसरले नाहीत. दोन ठेके एकमेकांत बसले की मधे तिसरंच गाणं उभं राहतं, ते दोन्ही रेकॉर्डींवर नसतं. त्या तिसऱ्या गाण्यापायी मी तीस वर्षं कारखान्यात गाड्यांचे ॲक्सल ठोकले आणि पगार या तळघरात ओतला. एकटाच मोठ्यानं हसलो.

मग म्हटलं, आता ती लावू, जिच्या सुरुवातीला नुसत्या टाळ्या आहेत. मांडणीकडे वळलो आणि उभाच राहिलो. कुठली ती? एकोणीसशे रेकॉर्डी आहेत. एकीवरही नाव नाही.

१६ मार्च

नाव नाही कारण मीच काढलंय, मी शहाणा!

त्या काळी डेट्रॉइटात सगळेच लपवायचे. तुमची रेकॉर्ड दुसऱ्या डीजेला कळली की पुढच्या शनिवारी तोच ती वाजवणार, मग तुमच्याकडे कोण येतंय? कुणी लेबलावर काळा रंग फासायचा, कुणी चिकटपट्टी लावायचा. मी बाथटबमध्ये गरम पाणी आणि भांड्यांचा साबण घालून भिजत ठेवायचो, मग अंगठ्यानं लेबल खरवडायचो. आतल्या कडेला बारीक नंबर कोरलेला असतो, तोही खिळ्यानं खोडायचो. मोनिफाची आई बाहेरून दार बडवायची — "वर्डेल, पोरीला आंघोळ घालायचीय, माझ्या त्या सवतींना काढ आधी!"

यादी कधी केली नाही. यादी चोरीला जाते. सगळं डोक्यात ठेवलं.

२ एप्रिल

ऑल्टनचा फोन. ऑल्टन थ्रेडगिल — माझा तीस वर्षांचा वैरी. मी वाजवत असलो की हा टॉर्च आणि वही घेऊन माझ्या खांद्याशी उभा. फिरत्या रेकॉर्डीवर त्याची नजर पडू नये म्हणून मी असा आडवा उभा राहायचो की पाठ धरायची.

सप्टेंबरात नदीतल्या बेटावर जुन्या मंडळींचा मेळा असतो, दुपारचा. तो भरवतो ऑल्टनच. गेल्या हिवाळ्यात मी त्याला तिथं एक तास वाजवायचा शब्द दिला होता.

"विसरला नाहीस ना?" म्हणतो.

"विसरायला मी काय तुझ्याएवढा म्हातारा आहे?"

फोन ठेवला तर घामानं शर्ट भिजलेला. याला कळलं तर संपलंच. अख्ख्या शहरात बोभाटा होईल. वर्डेल गेन्सला स्वतःच्या रेकॉर्डी ओळखता येत नाहीत! मोनिफालाही हे सांगितलेलं नाही. तिला वाटतं, नुसता पायच गेलाय.

१९ मे

आज देव पावला! मागच्या खोक्यात लेबलवाल्या तीन सापडल्या. चक्क छापील नावं! कशी काय सुटल्या माझ्या हातून? आता या तिघींवर तासाची उभारणी करायची.

२० मे

लेबलं खोटी आहेत.

एकीवर कुणा पाद्र्याच्या प्रवचनाचं नाव, आणि आत नाचायचं धडाधड टेक्नो. ऐकता ऐकता आठवलं. ऑल्टनला चकवायला मीच चिकटवलं होतं. बिचारा खरंच दुकानात जाऊन ते प्रवचन घेऊन आला आणि दोन्ही बाजू ऐकत बसला. वर्षभर आम्ही बाकीचे हसत होतो.

आज मी फसलो. हसायला कुणी नव्हतं.

६ जून

सहाशे ऐकल्या. काही ओळखीच्या वाटतात, नाव येत नाही. काही पहिल्यांदाच ऐकतोय असं वाटतं. आणि सगळ्या इतक्या चांगल्या! कुणी जमवल्या या? कान होता त्या माणसाला. त्याचा हेवा वाटतो मला.

७ जून

फेब्रुवारीत पुरता गेलो असतो तर सुटलो असतो. मोनिफानं हे वाचता कामा नये.

१४ जुलै

युक्ती काढली. तासाला चौदा पुरतात. चौदा निवडल्या आणि त्यांच्या पाकिटांवर खडूनं खुणा केल्या. दोन रेघा — टाळ्यांची. गोल — पियानोची. फुली — जिचा ठेका मधेच थांबतो ती. पाकिटं जुनी, बुरशी लागलेली, खुणा कुणाच्या नजरेत यायच्या नाहीत. रोज दोनदा सगळा तास वाजवतो. घोड्याला झापडं लावतात तसं चाललंय, पण चाललंय.

११ ऑगस्ट

ऑल्टन घरी आला. सोबत रताळ्याचा केक. माझ्याकडे यायला त्याला तीस वर्षं लागली! मी डावा पाय टेबलाखाली लपवून बसलो.

बराच वेळ इकडचं तिकडचं बोलला. मग म्हणाला, "वर्डेल, तुझी ती शेवटची. तू तास संपवायचास तिनं. खाली जाड ठेका, वर ती बाई नुसती गुणगुणते. लोक रडायचे रे! तिचं नाव सांग आता. त्रेसष्टचा झालो मी, चोरून काय करणार आहे?"

शेवटची? कुठली शेवटची? माझ्या चौदांत तर तसली नाहीच.

"नाही सांगत," म्हटलं.

"सुधारला नाहीस लेका!" खूश होऊन हसला. जाताना केकचं भांडंही मागितलं नाही.

मला खडूस म्हणेल ना, म्हणू दे.

३० ऑगस्ट

गुणगुणणारी बाई. अकराशे झाल्या. सापडत नाही.

२२ सप्टेंबर

रात्र झालीय, तरी आजच लिहिणार.

सकाळी मोनिफानं रेकॉर्डींचा डबा गाडीत ठेवला. बेटावर पोचलो. दीडशे माणसं, घडीच्या खुर्च्या, निखाऱ्यांवर मांसाच्या बरगड्या भाजल्याचा धूर. सगळ्यांचे गुडघे गेलेले, तरी नाचायला उभे. मी डबा उघडला.

आत चौदा नवी कोरी पांढरी पाकिटं.

"सरप्राइज, बाबा! ती घाणेरडी पाकिटं टाकून दिली मी. बुरशीनं खोकला होतो तुम्हाला." किती आनंदात होती पोर! तिला काय बोलणार? "छान केलंस," म्हटलं.

पहिली नशिबानं बरोबर निघाली. दुसरी हेडफोनमध्ये ऐकून जुळवली. तिसरीला ऐकायला वेळच उरला नाही. घातली ती, आणि ठेका मधेच थांबला. फुलीवाली! ती शेवटाकडे हवी होती. सगळे थबकले. पुढची घाईत लावली, तीही भलतीच. दोन ठेके एकमेकांवर आपटायला लागले, जिन्यावरून भांडी पडावीत तसे. कुणीतरी ओरडलं, "काय रे वर्डेल, प्यायलास काय?" लोक हसले. मी दोन्ही रेकॉर्डींवर हात ठेवला. सगळं बंद. नदीचा वारा तेवढा ऐकू येत होता. मोनिफाचा चेहरा पाहिला आणि वाटलं, इथंच जमिनीत जावं.

कानाशी कुणीतरी म्हणालं, "हिच्यानंतर तू नेहमी ही लावतोस."

ऑल्टन. हातात एक रेकॉर्ड, लेबलासकट. मी बघतच राहिलो. टाळ्यांची! पायाशी त्याचा स्वतःचा डबा, खचाखच भरलेला. तीच गाणी. माझी गाणी! "लाव ना, बघतोस काय?" म्हणाला.

तो देत गेला, मी लावत गेलो. एकही चुकली नाही. लोकांना वाटलं, दोघा म्हाताऱ्यांनी मुद्दाम बसवलंय. केवढ्या आरोळ्या! शेवटाला सगळे ओरडायला लागले, "शेवटची! शेवटची!" ऑल्टन म्हणाला, "ती तुझ्याकडेच आहे. मला कधी मिळाली नाही."

मी नाही म्हणून मान हलवली आणि आवाजाचं बटण खाली ओढलं.

२५ सप्टेंबर

ऑल्टन आला. सगळं सांगितलं — झटका, खुणा, पाकिटं, सगळं. मोनिफाही होती. ती माझ्या चपला नीट ठेवत बसली.

ऑल्टन म्हणाला, "मला वाटलं, माझा मेळा बुडवायला मुद्दाम मधेच थांबलास."

"तुझ्याकडे माझ्या रेकॉर्डी कशा?"

मग त्यानं सांगितलं. वहीत नुसती वर्णनं असायची — 'दाराच्या करकरीची', 'लाडावलेल्या शिट्टीची'. ती घेऊन दुकानोदुकानी फिरायचा आणि दुकानदारांपुढे तोंडानं वाजवून दाखवायचा. शिकागोपर्यंत गेला. लोक वेडा म्हणायचे. तीस वर्षांत चारशे मिळवल्या.

"चोर तो चोरच," मी म्हटलं. आणि मला रडू आलं, अगदी लाज वाटेल असं.

९ ऑक्टोबर

ऑल्टन दर मंगळवारी येतो. माझी रेकॉर्ड वाजवायची, त्याची वाजवायची, जुळली की नाव कागदावर लिहून चिकटवायचं. आज अठरा झाल्या. वर्षानुवर्षं खरवडलं, आता डिंक लावतोय!

१८ ऑक्टोबर

गेल्या आठवड्यात शिकलेल्या अठरांपैकी आज एकही येत नाही. लेबल वाचतो, कळतं. नजर काढली की गेलं. डॉक्टरनं नवीन फोटो काढला डोक्याचा. आणखी एक डाग आहे म्हणे, म्हणजे आणखी एक झटका. "कधी आला, कळलं नाही तुम्हाला?" विचारतो. कळलं असतं तर रोजनिशीत लिहिलं नसतं का, गाढवा!

मोनिफा म्हणते, घर विकून माझ्याकडे या. तिच्याकडे तळघर नाही.

२३ ऑक्टोबर

ऑल्टनला म्हटलं, पुरे आता. कशाला चिकटवतोस? ज्याच्यासाठी चिकटवतोस तो चाललाय.

"माझ्यासाठी चिकटवतोय," म्हणाला. "मला ती शेवटची हवीय. गप बस आणि पुढची दे."

६ नोव्हेंबर

सापडली! खालच्या फळीवर, भिंतीकडच्या टोकाला. सुई टेकवली, आधी नुसती खरखर, मग तो जाड ठेका, मग ती बाई. शब्द नाहीत, नुसतं गुणगुणणं. ऑल्टननं टोपी काढून मांडीवर ठेवली.

सात मिनिटं. मी आयुष्यात इतकं सुंदर काही ऐकलेलं नाही. ऐकलंय, पण मला माहीत नाही.

"नाव?" त्यानं विचारलं.

"देवाशपथ, ऑल्टन, आता लपवत नाहीये. नाही माहीत."

बराच वेळ त्यानं ती उजेडाकडे तिरकी धरली. म्हणाला, बाकी सगळ्यांचे आतले नंबर खोडलेस, हिच्यावर कोरलेलं तसंच ठेवलंस. बारीक आहे, चष्म्यातूनही वाचता येत नाही. उद्या भिंग आणतो.

७ नोव्हेंबर

भिंगातून त्यानं वाचलं, मग माझ्या हातात दिलं. खिळ्यानं कोरलंय — वर्डेल गेन्स, १९९१, एकच प्रत. अक्षर माझं आहे. हे गाणं मी केलंय. ऑल्टन म्हणाला, "हरामखोरा, तीस वर्षं मी दुकानात शोधत होतो!" आणि मला घट्ट धरलं.

केल्याचं काहीही आठवत नाही. पुन्हा लावायला सांगितलं.