शिक्षिका क्रमांक सतरा हिच्या निकालाची दुरुस्ती

मी, खाली सही करणारी, वय चौऱ्याहत्तर, शिक्षण संशोधन विभागातून निवृत्त, गुडघे सोडून बाकी सर्व शाबूत असताना आणि कोणीही डोक्यावर बसलेले नसताना, स्वखुशीने हे लिहून ठेवते. यापूर्वीचे मृत्युपत्र रद्द समजावे. ते मी भाचीवर रागावून केले होते.

१. राहते घर भाचीला. मागच्या खोलीचे दार जरा उचलून लावावे लागते. भाचेजावयांनी ते दुरुस्त करण्याच्या भानगडीत पडू नये.

२. बँकेतील ठेव धाकट्या बहिणीला, म्हणजे भाचीच्या आईला. ती नको म्हणेल. तिचे ऐकू नये.

३. माझी घडीची खुर्ची विभागाच्या साहेबांना. एकोणीस वर्षे मी वर्गात मागे बसून मुलांचा प्रत्येक प्रश्न टिपून घेत होते, तर यांनी माझे नाव 'मागचा बाक' पाडले. त्यांनी एकदा तरी वर्गात जाऊन बसावे. राग नाही. थोडा आहे.

४. वह्यांची सात खोकी धाकटीला. याचे कारण लिहिणे भाग आहे.

बेचाळीस शिक्षक मी त्यांच्या नोकरीच्या पहिल्या दिवसापासून न्याहाळले. प्रश्न एकच: शिक्षकाची नोकरी मुरत जाते तशी त्याची मुले अधिक शिकतात का? धाकटीही त्यांत होती. अहवालात नावे नव्हती, क्रमांक होते. सतरा क्रमांकाच्या मुलांचे गुण वर्षागणिक घसरलेले दिसले. अहवाल वाचून धाकटीने विचारले, "ताई, ही सतरा नंबरची म्हणजे मीच ना गं?" नाव फोडायचे नाही हा आमचा नियम. मी म्हणाले, "सांगता येत नाही." चेहरा मात्र सांगून मोकळा झाला. पुढच्या वर्षी तिने वर्ग सोडला आणि शाळेच्या ग्रंथालयात पुस्तकांना कव्हरे घालत बसली.

सहा वर्षांपूर्वी तिच्या शाळेतील प्रवेशाची जुनी रजिस्टरे चाळताना कळले, की हेडसर दरवर्षी वाचताच न येणारी मुले वेचून तिच्याच वर्गात घालत. "बाई, यांच्याकडे तुम्हीच बघा," म्हणत. तिचा हात जितका बसत गेला, तितकी अवघड मुले तिच्या पदरात. मी वर्षअखेरचे गुण पाहिले. मूल कुठून निघाले ते पाहिलेच नाही. तेही धरून आकडे पुन्हा मांडले, तेव्हा बेचाळिसांत सतरा क्रमांक पहिला आला.

चूक माझी. लाजेपायी सहा वर्षे तोंड शिवून बसले. धाकटे, तुझ्याइतकं चांगलं शिकवताना मी कोणाला पाहिलं नाही.

५. दुरुस्तीचा लेख टेबलावर तयार आहे. भाचीने तो विभागात नेऊन द्यावा आणि पोच घ्यावी.

इथवर वकीलबाईंना वाचून दाखवले. त्या म्हणाल्या, "अहो, हे तुम्ही गेल्यावर उघडायचं. मग बहिणीची माफी मागणार कोण? मी?" सबब कलम चार व पाच माझ्या मृत्यूची वाट न पाहता आजच लागू समजावीत. धाकटीला फोन केला आहे. येतेच म्हणाली.

सही (वाकडी, पण माझीच)

साक्षीदार: १. वकीलबाई २. शेजारचे शिंपीकाका
स्थळ: माझे स्वयंपाकघर
दिनांक: २२ ऑगस्ट

(खाली, वेगळ्या अक्षरात)
सात खोकी मिळाली. सहा वर्षे गप्प बसल्याबद्दल ताईशी आठवडाभर अबोला. डबा रोज पाठवीन.
— धाकटी