धुरीला पाणी

४ मे १९५८, रविवार

कालच्या एस.टी.ने पोलादपूर. तिथून चालत घरी, दोन तास. शाळेला सुट्टी लागली, की महाडच्या खोलीत पंखा नाही आणि माणूसही नाही. आंबेनळी घाटाच्या पायथ्याची ही आमची वाडी दर वर्षी थोडी लहान झालेली वाटते. न वाचलेली सगळी पुस्तकं बरोबर आणली आहेत.

संध्याकाळी अंगणात डास. आत्याने करंजेलाची वाटी आणून मला धरलंच. पाठ, मान, पोटऱ्या. तिला आता फक्त उजेड-अंधार कळतो, बाकी सगळं हाताने शोधते. ‘वास येतो काय रे बाळा? मास्तर झालास म्हणून डास काय तुला नमस्कार करून जातील?’ वहिनी खळखळून हसली.

आत्या आत गेल्यावर विहिरीवर जाऊन साबणाने सगळं धुऊन टाकलं. मग रात्रभर चावले.

७ मे

घरात कामं वाटलेली आहेत. दादा शेत बघतो, वहिनी घर. आत्याकडे धुरी.

दुपारी गुरं रानातून परतली, की जांभळीखाली बसतात आणि गोमाश्या त्यांच्यावर तुटून पडतात. आत्या एका फुटक्या घमेल्यात चुलीतले निखारे घेते. त्यावर शेणी मोडून, त्यावर भाताचं तूस, सगळ्यात वर निर्गुडीचा ओला पाला. जाळ होता कामा नये, नुसता धूर. वारा फिरला, की तिला तो गालावर कळतो. मग फडक्याने घमेलं उचलते आणि वाऱ्याच्या अंगाला नेऊन ठेवते. गुरं आपणहून धुरात तोंड घालून डोळे मिटून उभी राहतात. डोळस माणसाला हे जमणार नाही.

मी विचारलं, संध्याकाळी विझवतेस कशी?

‘विझवतंय कोण? निखारा राखेत पुरायचा. उद्या त्यावरच पुन्हा. धुरीला पाणी नाय दाखवत, बाळा.’

‘का?’

‘नाय दाखवत.’

टिपून ठेवलं. वर्गात कधी सांगता येईल.

१० मे

मोरी गाय गाभण आहे. जेठात व्यायची. दोन वर्षं घरात स्वतःचं दूध नाही. वहिनी भाकरीचा पहिला तुकडा मोरीला देते, मग आमची ताटं. मोरीला रानात सोडत नाहीत, जांभळीला लांब दाव्याने बांधलेली असते.

शेजारचा धाकू कुंपणावरून : ‘मास्तर, खरवस खाल्ल्याबिगर जायाचं नाय हां. शाळा काय पळून जात नाय.’

आत्याविषयी थोडं. अकराव्या वर्षी लग्न, शिवथरला. चौदाव्या वर्षी कपाळ पुसून परत. आई गेली तेव्हा मी चार वर्षांचा. पुढचं सगळं तिनेच केलं. हे मी इतक्यांदा इतक्या लोकांना सांगितलं आहे, की आता लिहिताना काहीच वाटत नाही.

१३ मे

जे झालं ते लिहितो.

दुपार. जांभळीखाली मी वाचत बसलो होतो. आत्या जेवायला घरात निघाली. ‘बाळा, हाय ना तू हितं? घमेल्याकडं बघ जरा.’ मी हो म्हटलं. मान वर केली नाही.

वारा फिरला. धूर माझ्यावर यायला लागला. घमेलं सरकवता आलं असतं. पण ते तापलेलं, आणि फडकं ती कमरेला खोचून घेऊन गेली होती. उठून दुसरीकडे बसता आलं असतं. सावली मी होतो तिथे चांगली होती.

प्यायच्या पाण्याचा तांब्या शेजारी होता. ओतला.

फुस्स झालं. पान पुरं केलं. पुढचं अर्धं. डोळा लागला.

जाग आली ती मोरीच्या धावण्याने. शेपूट ताठ उभं, पोटाखाली गोमाश्यांचा काळा थर. दावं तुटलेलं. मी उठेपर्यंत बांध संपला आणि ती खाली पऱ्यात गेली. पुरुषभर खोल. उन्हाळ्यात पाणी नाही, नुसते धोंडे.

१४ मे

पुढचा उजवा पाय. धाकूने बांबूच्या पट्ट्या लावून बांधला. चौघांनी बांबूवर उचलून गोठ्यात आणली. उठत नाही.

काल दादा पऱ्यातून वर आला तेव्हा सदरा घामाने काळा झाला होता. म्हणाला, ‘धुरी विझली कशी?’

आत्या चाचपडत घमेल्यापाशी गेली. बसली. आत हात घातला, आणि बराच वेळ तसाच ठेवला. मग म्हणाली, ‘माजंच चुकलं. तूस ओलं असंल.’

मी तिथे उभा होतो. रिकामा तांब्या हातात होता.

१६ मे

पहाटे गाभ गेला. पाडी होती.

वहिनीने चूल पेटवली नाही. धाकूच्या घरून भाकऱ्या आल्या.

दादा आत्याला म्हणाला, ‘दिसत नाय तर सांगायचं व्हतंस गो आत्ये. मी दुसऱ्याला लावलं असतं.’ ओरडला नाही. ओरडला असता तर मी मध्ये पडलो असतो, असं मला वाटतं. वाटतं.

घमेलं वहिनीकडे गेलं. आत्या दिवसभर पडवीत बसून होती. हात मांडीवर उताणे. त्या हातांना काय करावं ते कळत नव्हतं. मधूनच एक उठायचा, अंधारात काहीतरी शोधल्यासारखा, आणि परत खाली.

पुस्तक उघडलं नाही. पाहिलं तर १३ तारखेच्या पानावर पेन्सिलीची खूण आहे. एका म्हाताऱ्या मोलकरणीवरचा परिच्छेद. समासात मी लिहिलं आहे : ‘केवढी करुणा!’

१९ मे

आत्या शिवथरला जाते म्हणते. दिराचा मुलगा आहे तिथे. पस्तीस वर्षांत तो एकदा आला होता, काहीतरी मागायला.

‘बसून खायाला माहेर कशाला? हितं कायतरी करत व्हते म्हणून व्हते.’

दादा म्हणाला, बघू. आमच्या घरात ‘बघू’चा अर्थ ‘जा’. पुढच्या सोमवारी धाकू त्या बाजूला बैल बघायला जाणार आहे. त्याची सोबत ठरली.

म्हणजे सात दिवस. एक वाक्य बोलायला.

२१ मे

वहिनीला म्हटलं, धुरी मी बघतो. तिने घमेलं दिलं. चेहऱ्यावर काही नव्हतं.

जमत नाही. एकतर भडका उठतो, नाहीतर विझते. धाकू थांबून बघत होता. ‘मास्तर, ही धुरी हाय का होळी? नारळ आणू?’ मी हसलो.

एक गोमाशी मनगटावर बसली. हाकलली नाही. सुई खुपसावी तसं चावते, मग रक्ताचा थेंब येतो. दुसरी मानेवर. तिलाही चावू दिलं. बरं वाटलं. घटकाभराने त्या बरं वाटण्याचीच लाज वाटली. गायीचा पाय, पाडी, आत्याचं घर, आणि मी चार माश्यांवर सुटू बघतो.

संध्याकाळी शेतावर गेलो. दादा एकटाच बांधाचे दगड लावत होता. सांगायचं ठरवूनच गेलो होतो. त्याने दगड ठेवला, कमरेवर हात देऊन उभा राहिला. ‘काय रे?’

मी म्हटलं, ‘पाऊस कधी लागेल?’

२३ मे

वरच्या वाडीतले दोन भाऊ आले. आंब्याच्या झाडावरून वाद. झाड कोणाच्या वाटणीचं, ते जुन्या कागदावरून मी वाचून सांगायचं.

एक जण म्हणाला, वाचताना कमीजास्त केलं तर?

दादा ताडकन उठला. ‘आमचा बाळा? जीव गेला तरी खोटं नाय बोलनार. ह्या हातांनी वाढवलाय त्याला,’ आणि बोट पडवीकडे. आत्याकडे.

तिने मान हलवली नाही.

कागद वाचला. जसा होता तसा. दोघांनी मला हात जोडले.

२५ मे, रविवार

आत्याचं गाठोडं बांधून झालं. दोन लुगडी, एक कांबळं, देवीचा टाक. वहिनी गाठ मारताना दोनदा आत जाऊन आली. डोळे पुसून आली असणार.

दिवेलागणीच्या आधी डास सुटले. पडवीतून हाक आली, ‘बाळा, ये हिकडं.’ करंजेलाची वाटी तिच्या मांडीवर होती. मी पाठ करून बसलो. मानेवर हात फिरवला आणि थांबली. माझ्या मानेवर, खांद्यांवर, हातांवर सगळीकडे गांधी उठल्या आहेत.

‘किती चावून घेतलंस.’

ती सावकाश तेल चोळत राहिली.

‘धुरीला पाणी दाखवलं ना, की राख धरते. गोळा होतो. हाताला लागतो.’

माझ्या कानात पहिल्यांदा नुसता आवाजच आला. मग शब्द.

‘तुला त्याच दिवशी कळलं?’

‘हात घातला तवाच. गार व्हती, वली व्हती.’

‘मग बोलली का नाहीस?’

तिने वाटी खाली ठेवली. बोटं पदराला पुसली.

‘म्हटलं, तू बोलशील.’

मग, जसं बाजारातून काय आणायचं ते सांगावं तसं : ‘बारा दिस झाले.’

मी म्हटलं, आत्या, जाऊ नकोस. ती म्हणाली, ‘ते तू मला सांगू नको रे.’

आता खोलीत बसून हे लिहितो आहे. लिहिण्याचं काही कारण नाही. गोठ्यापर्यंत जायला पाय उचलत नाही एवढंच. धाकू उजाडताच येईल. दादा गोठ्यात आहे. मोरी आज पहिल्यांदा तीन पायांवर उभी राहिली. तिच्याशी काहीतरी बोलतो आहे, शब्द कळत नाहीत. वहिनीने अंगणात घमेलं आणून ठेवलं. धूर खिडकीतून आत येतो आहे.

तेल अंगावर आहे. धुतलेलं नाही.

दादाने बादली ठेवल्याचा आवाज झाला. उठतो.