ऐकून शिकणारी

२ जुलै
सुट्टीनंतर शाळेत पाऊल टाकलं आणि समोर काय, तर टॅब. चाळीस टॅब, चाळीस हेडफोन आणि ते आम्हाला शिकवायला एक टायवाला. वय फार तर सव्वीस. आयुष्यात एका तरी वर्गासमोर उभा राहिला असेल तर शपथ! आम्हा बारा शिक्षकांना बाकांवर बसवून सांगतो — मुलं तीन प्रकारची असतात. बघून शिकणारी, ऐकून शिकणारी, हातांनी करून शिकणारी. हेडसर मान डोलावत होते. झोप आली की ते तशीच डोलावतात, हे त्या बिचाऱ्याला काय माहीत.

मी विचारलं, "आणि मुळीच न शिकणारी?"
म्हणाला, "मॅडम, अशी मुलं नसतातच."
एकोणीस वर्षं सहावी-सातवीला गणित शिकवते आहे. म्हटलं, या एकदा वर्गात.

३ जुलै
आधी शिक्षकांनी चाचणी द्यायची म्हणे. अनोळखी पत्ता शोधायचाय, तुम्ही काय कराल? नकाशा बघाल, कुणाला विचाराल, की चालायला लागाल? 'नवऱ्याला पुढे करीन' हा पर्याय नव्हता. सकाळी मी 'बघून शिकणारी' निघाले. दुपारी मुद्दाम पुन्हा दिली, तर 'हातांनी शिकणारी'. मधे फक्त डबा खाल्ला होता.

५ जुलै
आज सातवीच्या मुलांची चाचणी. अकरा मिनिटांत सदतीस मुलांचा निकाल. मला एवढी मुलं ओळखायला सहामाही उजाडते. प्रत्येकाच्या टॅबवर रंगीत पट्टी आली — बघणाऱ्यांना निळी, ऐकणाऱ्यांना पिवळी, हातवाल्यांना हिरवी. मधल्या सुट्टीपर्यंत निळे आणि हिरवे भांडायलाही लागले. एवढं मात्र पटकन शिकले.

तंद्रीला पिवळी. तंद्री म्हणजे शेवटच्या बाकावरची लांब वेणीची मुलगी. हे नाव मीच ठेवलं, आता सगळा वर्ग तेच म्हणतो. प्रश्न विचारला की माझ्या तोंडाकडे बघत राहते आणि मग भलतंच उत्तर. परवा विचारलं, "छेद किती?" तर म्हणे, "हजर, बाई." सहावीपासून हिच्यापुढे घसा कोरडा करतेय, आणि यंत्र म्हणतं ही ऐकून शिकणारी. वाकून बघितलं, तर प्रत्येक प्रश्नाला मधलाच पर्याय दाबत गेली होती.

९ जुलै
अपूर्णांकांचा भागाकार. निळ्यांसमोर गोल कापले जातात, हिरवे बोटाने तुकडे ओढतात, पिवळ्यांच्या कानात एक बाई लाडेलाडे बोलते — चला मित्रांनो, आता दुसरा अपूर्णांक उलटा करू या! आणि मी? मी चार्जर सांभाळायचे.

१२ जुलै
टॅबवर परीक्षा झाली. तंद्रीला दहापैकी नऊ.
शेजारचीचं बघितलं असणार. शेजारचीला चार.

टायवाल्याचा आनंद गगनात मावेना. हेडसरांना सांगत होता, "बघा, सिस्टिमने बरोब्बर ओळखलं." मग माझ्याकडे वळून, "मॅडम, आता तरी पटलं?" मी खडू शोधायला लागले. खडू हातातच होता.

१५ जुलै
चोरी पकडायचीच, म्हणून तंद्रीला फळ्याशी बोलावलं. टॅब बाजूला. मी मनाने तीन गणितं घातली. तिन्ही सोडवली, मांडणीसकट.
"कुठे शिकलीस गं?"
तोंडाकडे बघत राहिली. पुन्हा विचारलं.
"टॅबमधल्या बाईंकडून."
झोंबलं. खोटं कशाला लिहू.

१६ जुलै
आज तिच्या हेडफोनमधला आवाज पुढच्या दोन बाकांपर्यंत येत होता. तरातरा गेले, हेडफोन ओढून काढला. असं काय ऐकते आहे म्हणून स्वतःच्या कानाला लावला आणि झटकन काढला. कानात ड्रिल घातल्यासारखं झालं. आवाज पार शेवटच्या टोकाला नेलेला. एवढ्या कल्लोळात ती शांत बसून गणित ऐकत होती.

तास संपल्यावर तिला थांबवलं. खिडकीकडे तोंड करून उभं केलं. पाच पावलं मागे गेले आणि नेहमीच्या आवाजात म्हटलं, "उद्या शाळेला सुट्टी आहे."
सुट्टी ऐकून न वळणारं मूल मी अजून पाहिलेलं नाही. ती वळली नाही. मग तिचं खरं नाव घेतलं. मग जोरात घेतलं. तेव्हा वळली.

१८ जुलै
तिच्या आईला बोलावून घेतलं. कपड्यांच्या कारखान्यात शिलाई करते. म्हणाली, "घरी आम्ही सगळे ओरडूनच बोलतो, बाई. दिवसभर मशीनच्या आवाजात असतो ना. कळलंच नाही कधी." मग म्हणाली, "तुम्हीच सांगितलं होतं, तिचं लक्ष नसतं. त्यावरून मारलंय मी तिला."
मी पाणी पुढे केलं.

२५ जुलै
कानाच्या डॉक्टरांकडे त्यांच्याबरोबर मीही गेले. डावा कान गेल्यातच जमा, उजवा निम्मा. लहानपणी कान फुटला होता, तेव्हापासूनचं. डॉक्टर म्हणाले, ओठ बघून निभावत होती, हुशार आहे पोरगी.
आणि मी फळ्याकडे तोंड करून शिकवते.

२९ जुलै
टायवाल्याने शाळेच्या पत्रकासाठी मजकूर लिहिलाय — प्रणालीने ओळखली एका विद्यार्थिनीची खरी गरज. ओळखली कसली? कमी ऐकू येणाऱ्या मुलीला ऐकणाऱ्यांत नेऊन बसवली! चुकून आवाजाचं बटण तिच्या हाती लागलं, एवढंच. हे सगळं त्याला तोंडावर सुनावायला निघाले होते. दारापर्यंत गेले आणि परत फिरले. यंत्राने अकरा मिनिटांत चूक केली. मी वर्षभर.

१४ ऑगस्ट
आज ती कानात यंत्र घालून आली. पहिल्या बाकावर बसवलं. मुलांकडे तोंड करून शिकवलं, मागच्या दोघींना नेहमीसारखं झापलं. तास संपल्यावर टेबलापाशी आली.
"बाई, तुम्ही रोज अशाच बोलता?"
"अशी म्हणजे?"
"मला वाटायचं, तुम्ही खूप हळू बोलता. म्हणून तुम्ही आवडायचात मला."