लांब धनुष्य, आखूड हात

ता. ९ नोव्हेंबर, रविवार

प्रिय दादा,

नमस्कार. इकडे सगळं ठीक. आईचा गुडघा थंडीत कुरकुरतोय, पण जीभ ठणठणीत आहे. ह्यांनी गच्चीवरची पाण्याची टाकी स्वतः दुरुस्त करायचं मनावर घेतलंय, त्यामुळे आम्ही सगळे सध्या बादल्या वाहतोय. वहिनीला सांग, तिने विणलेला स्वेटर आईला मापात बसला आणि आता तो तिच्या अंगावरून उतरत नाही. माझं चष्म्याचं दुकान बरं चाललंय. अक्षर वाकडं आलंय, त्यावर लगेच काही बोलू नकोस.

फोन सोडून पत्र का, असं वाटेल तुला. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून. माझं वाक्य अर्ध्यावर असतं आणि तू विचारतोस, "बरं, बाबांचं धनुष्य काय म्हणतंय?" मग मी "मस्त" म्हणते आणि विषय संपतो. कागदावर तुला मधेच तोंड घालता येत नाही. तेव्हा आता शेवटपर्यंत वाच.

मस्त काही चाललेलं नाही, दादा.

बाबा गेल्यावर तू मैदानावर सगळ्यांसमोर जाहीर करून टाकलंस की वार्षिक सामन्यात त्यांच्या जागेवर ठेंगू उभी राहील, आणि त्यांच्याच धनुष्याने मारेल. मला विचारलं नाहीस. पण मला उभं राहायचंच होतं, आजही राहायचं आहे, म्हणून मी मान डोलावली. तेव्हा त्या धनुष्याचा विचारच केला नाही. ते माझ्यापेक्षा वीतभर उंच आहे, रे. मैदानावरची मंडळी त्याला "बाबांचा खांब" म्हणायची आणि बाबा म्हणायचे, "असू दे, उन्हात सावलीला बरा." तो खांब मी रोज संध्याकाळी दुकान बंद करून ओढत होते. बाण कधी निशाणाच्या अलीकडे पडायचा, कधी शेजारच्याच्या निशाणात घुसायचा. लोक कौतुकाने म्हणायचे, "बाबांची आठवण येते हो." मला रडू यायचं, आणि ते आठवणीने नाही.

गेल्या महिन्यात मी चाचपडत तुला म्हटलं की एखादं हलकं धनुष्य बघू का. तू म्हणालास, "दुसरंच धनुष्य घ्यायचं असेल तर मी सामन्याला येत नाही." झालं. त्यानंतर मी आणखी जोर लावला. उजव्या खांद्यात काहीतरी कचकन गेलं. डॉक्टर म्हणाले, स्नायू फाटलेला नाही पण फाटायच्या बेतात आहे, तीन आठवडे हात गळ्यात. हे अक्षर डाव्या हाताचं आहे. गळ्यातली पट्टी सुटली असली तरी फार वेळ लिहिलं की उजवा हात अजून दुखतो. आईला मी शटर लागलं असं सांगितलं होतं.

आता त्यापुढचं सांगते.

पट्टी सुटल्यावर मी खांब घेऊन गावाबाहेरच्या धनुष्यवाल्या काकांकडे गेले. सायकल दुरुस्तीच्या दुकानामागे त्यांची एक लांबोडकी खोली आहे, आत लाकडाचा भुसा आणि सरसाचा वास. माझा बेत असा होता की त्यांच्याकडून धनुष्य आतल्या अंगाने थोडं तासून घ्यायचं. लाकूड पातळ झालं की खेचायला हलकं होतं, आणि बाहेरून कुणाला कळत नाही. तुलाही कळलं नसतं. हो, तुला फसवणारच होते मी, आणि मला त्याचं काही वाटतही नव्हतं.

काकांनी पिशवीतून धनुष्य अर्धंच बाहेर काढलं आणि परत आत घातलं. "हे मी तासणार नाही," म्हणाले. मी विचारलं, का? मग माझ्या खांद्याकडे बघून म्हणाले, "बाई, तुम्ही धनुष्य घ्यायला आलात की सूड घ्यायला?"

आणि मला दुसरी धनुष्यं ओढून बघायला लावली. त्यांची एक रीत आहे. भिंतीला टेकवलेल्या सगळ्या धनुष्यांना ते सारखे राखाडी अभ्रे घालून ठेवतात, फक्त मूठ उघडी. लाकूड कुठलं, वजन किती, कशाचा पत्ता लागत नाही. गिऱ्हाइकाने चार पावलांवरच्या पेंढ्याच्या गादीवर डोळे मिटून बाण सोडायचे. मी म्हटलं, डोळे मिटून कुठे लागतोय बाण. तर म्हणाले, "बाण मी बघतच नाही. मान बघतो. धनुष्य जड झालं की माणूस आधी मानेने खोटं बोलतो."

मी दिवसभर दुसऱ्यांच्या नाकावर काचा बदलत विचारते, हे स्पष्ट की हे? मला मात्र असं कुणी कधी विचारलं नव्हतं. एक लांब ओढलं, काका म्हणाले, ठेवा. दुसरं ओढलं, ठेवा. मधे बसून खांदा शेकला, चहा झाला. मग एक आखूड धनुष्य हातात आलं. दोन्ही टोकं पुढे वळलेली, घोड्यावर बसून मारायला करतात ना, तसलं. ज्याला आपण लहानपणी खेळणं म्हणून हसायचो. दोरी सहज गालापर्यंत आली आणि तिथे थांबली. मला ती धरून ठेवायला काहीच करावं लागलं नाही. मी नुसती उभी राहिले, दादा. श्वाससुद्धा नीट चालू होता. काका "सोडा" म्हणाले तेव्हा सोडावंसं वाटत नव्हतं.

"वजन किती?" मी विचारलं.

"घरी नेल्यावर विचारा."

मी नेलं. बाबांच्या खांबाच्या जेमतेम अर्ध्या वजनाचं निघालं. आधी लाज वाटली. मग चार दिवस रोज मोजकेच बाण मारून पाहिले आणि लाज गेली, कारण बाण जिथे बघते तिथे जातोय. सामन्याला मी हेच घेऊन उभी राहणार. तू ये, नाहीतर नको येऊस. हे मी विचारत नाहीये, कळवतेय.

आता मुख्य गोष्ट. आई म्हणते लिहू नकोस, पण मी लिहिणार.

धनुष्य घेऊन निघताना मी काकांना पुन्हा छेडलं, खांब तासायला काय हरकत होती? ते म्हणाले, "मीच केलंय ते. तुमच्या बाबांनी सांगून करवून घेतलं. स्वतःसाठी नव्हतं. त्यांचे हात तुमच्यासारखेच आखूड. त्यांना ते कधी पुरतं ओढताच आलं नाही. त्यांनी मला माप आणून दिलं होतं ते एका शर्टाच्या बाहीचं. लांब बाही, खाली आणखी पट्टी जोडून शिवलेली."

आपल्या घरात कोणाच्या बाह्यांना आई पट्टी जोडायची, ते तुला सांगायला नको.

घरी येऊन आईसमोर बसले. ती मटार सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "तुला आत्ता कळलं होय? ते तयार होऊन आलं आणि त्याच आठवड्यात तो गेला निघून." त्या वर्षीच्या सामन्यात दोरी ओढताना तुझं कोपर चुकतं म्हणून बाबा सगळ्यांदेखत तुला बोलले, तू हातातलं धनुष्य जमिनीवर ठेवलंस आणि दुसऱ्या गावची नोकरी धरलीस, तो आठवडा. तुझा राग बरोबरच होता. मी होते तिथे, बाबा फार बोलले. पण त्यांनी ते माप त्याच्या कितीतरी आधी नेऊन दिलं होतं. "मग त्याला का नाही दिलं?" मी विचारलं. आई म्हणाली, "ते म्हणायचे, मागितलं तर देईन. आणि तुझा दादा कसला मागतोय."

तू मागितलं नाहीस, त्यांनी दिलं नाही, आणि ते पडून राहू नये म्हणून बाबा स्वतःच्या हाताला न बसणारं धनुष्य इतकी वर्षं वापरत राहिले. आपण सगळे समजत होतो, ही त्यांची ढब. मला खूप राग आला दोघांचाही. मग मटार सोलता सोलता रडले. आईने तेवढ्यात माझ्या वाट्याचेही सोलून टाकले.

बाबांचं धनुष्य म्हणून तू जे माझ्या गळ्यात घातलंस, ते तुझं आहे. मी ते तासलेलं नाही आणि कुणाला तासू देणारही नाही. तुला परत बाण मारायचा की नाही ते तू ठरव. त्यावर मी एक अक्षर बोलणार नाही. पण मी ते पार्सलने पाठवणार नाही. ते इथे येऊन आईच्या हातून घ्यावं लागेल, आणि त्यासाठी तुला तोंडाने मागावं लागेल. एवढी अट बाबांची होती, ती मी बदलत नाही.

तुझी,
स्वतःच्या धनुष्याने उभी राहणारी,
ठेंगू