भोंगा झाला की चहा

टाल्लिन, एस्टोनिया

ती. आईस साष्टांग नमस्कार.

फोनवर तू लगेच रडतेस, म्हणून लिहिते. तुझ्या जावयाला, यानला, राखीव सैनिक म्हणून रशियाच्या सीमेजवळ बोलावलंय. नुसता सराव आहे म्हणाला, काळजी करू नकोस. शिवाय इथे तीसेक देशांचा करार आहे. एकावर हल्ला झाला की तो सगळ्यांवर झाला असं धरायचं आणि सगळ्यांनी धावून यायचं.

काल इथे भोंग्याची चाचणी झाली. सगळी इमारत तळघरात गेली आणि मी मात्र दोन कप चहा टाकला! खडकीला फॅक्टरीचा भोंगा झाला की बाबांसाठी टाकायचो ना, हात तसाच चालला. एक कप तसाच गार झाला.

तुझे गुडघे कसे आहेत? बाबांची सायकल एवढ्यात देऊन टाकू नकोस.

यान जाताना करार समजावत होता, तेव्हा मला आपली क्वार्टर्सची लाईन आठवली. बाबांच्या छातीत दुखलं तेव्हा सगळे धावले. कुणी रिक्षा आणली, कुणी डॉक्टर. कुणी म्हणजे कुणी कमी पडलं नाही.

तरी बाबा गेलेच. एवढं मात्र मी यानला सांगितलं नाही.

तुझी,
दीपमाला