तापलेल्या ग्रहाचे तीन चंद्र आणि शालिनीवन्सं

सातारा,
चैत्र वद्य दशमी

प्रिय हेमा,

सप्रेम नमस्कार. कॉन्व्हेंटच्या चौथ्या बाकावर आपण दोघी बांगड्या ठेवून ग्रहांच्या कक्षा गिरवत होतो, आठवतं का? सिस्टरनी वही उचलून पृथ्वी कुठे आहे असं विचारलं, आणि नेमकी तीच आपण काढायची विसरलो होतो. तुझा गुडघा कसा आहे? (विचारते आहे खरी, पण उत्तर थोडक्यात दे, मलाच खूप सांगायचं आहे.)

यंदा चैत्रगौरीच्या आराशीत मी एक ग्रह मांडला. दरवर्षीचे कापडी मोर आणि कलिंगडाचं कमळ पाहून माझी नात सई कंटाळली होती. तिनंच मोबाईलवर वाचून दाखवलं: दूरच्या एका ताऱ्याला चिकटून फिरणारा ग्रह, त्याचं वर्ष आपल्या दोन दिवसांचं, एका अंगाला कायम दिवस, आणि तिथं दगडसुद्धा वितळतात. (मला लगेच मे महिन्यातली तुमची सांगली आठवली, राग मानू नकोस.) त्याला चंद्र आहेत की नाहीत हे कुणालाच ठाऊक नाही. "मग तू कसेही कर, आजी," सई म्हणाली. साठी उलटलेल्या बाईला असं मोकाट सोडू नये.

मडक्याला गेरू आणि हळद फासून ग्रह केला, ओटीचे तीन नारळ रंगवून चंद्र केले, आणि त्यांची वर्णनं लिहीत तीन दिवस बसले. "आज वरणभात आहे, की तोही कल्पनेतलाच?" असं आमचे यजमान सुमंत दोनदा विचारून गेले. पहिल्या चंद्रावर गंधकाची तळी. दुसरा इतका हलका, की गिरकी घेताना स्वतःच गोंधळतो. तिसरा सदैव धगधगता, उगाच गुरगुरणारा, जवळ येईल त्याला भाजून काढणारा. याच्यावर वस्ती अशक्य.

आता माझा घोळ ऐक. ओटी भरताना गडबड नको म्हणून कुठला नारळ कुणाला, ती नावं मी आदल्या दिवशीच नारळांवर चिकटवली होती. वर्णनं त्यांच्याच खाली लागली. अक्षर माझं कॉन्व्हेंटचं, दारातूनही वाचता येईल असं. हळदीकुंकवाला जमलेल्या पंचवीस बायकांसमोर शेजारच्या बनुबाईंनी तिसरा नारळ खणखणीत वाचला, "शालिनीवन्सं. सदैव धगधगता..." आणि शेवटपर्यंत वाचून माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आवं, तुमची नजर लय बारीक हाय."

बत्तीस वर्षं दर चैत्रात सांगलीहून येऊन माझ्या डाळीची कैरी किसणारी माझी नणंद, कुंकू न लावता, ओटी न घेता चपला घालून उभी राहिली. "वस्ती अशक्य आहे ना, विनोदिनी? मग निघते मी."

तेव्हापासून माझा फोन उचलत नाहीत. अक्षय्य तृतीयेला गौर उठेल. तोवर त्यांची ओटी भरली गेली नाही, तर पुढच्या चैत्रात त्यांना कुठल्या तोंडानं बोलावू? आणि डाळ खारट झाली हे मला सांगणार कोण?

घरच्या सगळ्यांना माझी आठवण सांग.

तुझी,
विनोदिनी

ता. क. तू त्यांच्या दोन घरं पलीकडे राहतेस. चिठ्ठ्या चुकून एकाखाली एक लागल्या, एवढं त्यांच्या कानावर घाल.

ता. क. दुसरा. चिठ्ठ्या चुकूनच लागल्या, पण तिसरं वर्णन लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर वन्संच होत्या. मजा येत होती गं. हे मात्र त्यांच्या कानावर घालू नकोस.

ता. क. तिसरा. भाचा जयराज उद्या सांगलीला येतो आहे, त्याच्याबरोबर पिशवी पाठवते. एसटीत मला ओझं झेपत नाही. पन्ह्याचा गर तुला. तिळाच्या वड्या तुझ्या सुनेला, अपूर्वाला. खण, हरभरे आणि न रंगवलेला नारळ वन्संचा, पण तो तू देऊ नकोस. शुक्रवारी सकाळी मी स्वतः येते. त्यांनी दार उघडलं नाही, तर नारळ तुझ्या देवापुढे ठेव, हरभरे अपूर्वाला दे, आणि खण माझ्याकडे परत दे. तो मी त्यांच्या कडीला बांधून येईन.