आमच्या खोलीचं सचिवालय

कुवेत, ऑक्टोबर २००३

तीर्थस्वरूप चारुताईस जयप्रकाशचा साष्टांग नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? भाऊजींचं पथ्य तूच पाळत असशील. मी ठीक आहे, म्हणजे गेले तीन आठवडे खुबूस (इथली बेकरीची रोटी) आणि दही खाऊन माणूस जितका ठीक राहतो तितका.

झालं असं. ऑफिसात मला एक अहवाल टाइप करायला आला. आफ्रिकेतल्या सरकारांनी विकासासाठी भागीदारी केली आहे. वर राष्ट्रप्रमुखांची अंमलबजावणी समिती, तिच्याखाली त्यांच्या प्रतिनिधींची सुकाणू समिती, त्याखाली सचिवालय. शिवाय देशांनी एकमेकांचा कारभार तपासायचा, तोही राजीखुशीनं. एवढा मोठा खंड शिस्तीत बसतो, मग आमची चौघांची खोली का नाही, असं तुझ्या हुशार भावाला वाटलं. वरच्या समितीत चौघंही बसलो. प्रतिनिधी म्हणून प्रत्येकानं स्वतःलाच नेमलं (दुसरं होतं कोण?). उरलं सचिवालय. ते आपल्या वाडीतल्या तुळशीदासला दिलं. सुतारकामावरून येऊन चार वर्षं न सांगता तोच रांधत होता.

त्यानं एकच विचारलं, "सचिवालय जेवण करतं काय?"

मी ऐटीत वाचून दाखवलं, की सचिवालय फक्त समन्वय करतं. त्या दिवसापासून तो स्टुलावर बसून समन्वय करतो. कांदे कोण आणणार, हे रोज विचारतो. कांदे येतात आणि तसेच राहतात.

तपासणीला मीच आधी उभा राहिलो, नियम माझेच ना. खोलीतल्या निखिलनं निष्कर्ष कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवलाय: सदस्यानं चार वर्षांत एकही पातेलं घासलेलं नाही. खरं आहे, म्हणून जास्त झोंबतं.

थोरांना नमस्कार, पोरांना पापे.

तुझा जयप्रकाश

ता. क. हे पत्र आमच्या खोलीतला इद्रीस सुट्टीवर येतोय त्याच्या हाती देतोय. मी स्वतः रांधून खातो, असं तू माझ्यासाठी बघितलेल्या विनिताच्या घरी सांगून बसलीस. तिचा भाऊ राहुल इथल्याच मीना अब्दुल्ला भागातल्या रिफायनरीत आहे, तो पुढच्या महिन्यात जेवायला येणार. फोटोत मुलगी मला फार आवडली आहे, ताई. तुळशीदासच्या आनंदीवहिनींना सांगून त्याला पुन्हा चुलीशी उभं करायला लाव.

ता. क. दोन. वहिनींना काही सांगू नकोस. राहुल आजच न कळवता आला. त्यानं फ्रिजवरचा कागद वाचला. तुळशीदासनं त्याच्याशी असा समन्वय केला, की राहुलनंच पिठलंभात केला आणि आम्ही चौघं जेवलो. निघताना म्हणाला, "विनिताला साधा भात येत नाही, म्हणून तर रांधणारा मुलगा बघत होतो. शिकायला दोन महिने देतो." तर भाताला पाणी किती घालतात, तेवढं लिहून पाठव. तुळशीदासला विचारलं. तो म्हणाला, कळवतो.